चाकं काढलेलं घर

"काय रे, ट्रेलर काय म्हणतोय?"

ऑस्टिनमध्ये कुठल्याही मराठी गटगला गेलं की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणारा साधारण पस्तिशीचा, हातात पावभाजीची कागदी प्लेट आणि डोळ्यांत एक ठराविक चमक. ती चमक मी आता लांबून ओळखतो. आरएसयू व्हेस्ट झालेले असतात, राहत्या घराचा हप्ता आटोक्यात आलेला असतो, शेअर बाजाराचा कंटाळा आलेला असतो, आणि यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं की आडबाजूला मोकळी जमीन घ्या, तिच्यावर एक मोबाइल होम आणून ठेवा आणि मग दर महिन्याला नुसतं भाडं मोजा. प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसलाय. म्हणून म्हटलं, या शनिवारी सगळं एकदाच लिहून टाकावं. निदान पुढच्या गटगला पावभाजी गरम असताना खाता येईल.

पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. मोबाइल होम हे कारखान्यात बनतं. खाली पोलादी सांगाडा, त्याला चाकं, वर लाकडी भिंती, छप्पर, आत स्वयंपाकघर, बाथरूम सगळं तयार. ट्रकला जोडून ते हायवेनं ओढत आणतात. तुम्ही अमेरिकेत कधी "ओव्हरसाइझ लोड"ची पाटी लावलेलं अर्धं घर रस्त्यानं जाताना पाहिलं असेल, तर ते हेच. मात्र एकदा जागेवर बसलं की चाकं आणि आस काढून नेतात, आणि नावात मोबाइल असलेलं हे घर बहुधा जन्मभर तिथून हलत नाही. १९७४ साली अमेरिकन संसदेनं या घरांच्या दर्जासाठी कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून तो लागू झाला. त्यानंतर बनलेल्या प्रत्येक घराच्या बाहेर एक छोटा लाल पत्रा रिव्हेटनं ठोकलेला असतो. (जुनं घर घेणार असाल तर आधी तो पत्रा शोधा. हरवला तर दुसरा मिळत नाही.) कायद्याच्या भाषेत त्याआधीचं ते "मोबाइल होम" आणि नंतरचं ते "मॅन्युफॅक्चर्ड होम". बोलताना सगळे ट्रेलरच म्हणतात. मीही.

आमचा ट्रेलर सिंगल-वाइड आहे. सोळा फूट रुंद, शहात्तर फूट लांब, म्हणजे साधारण बाराशे स्क्वेअर फूट. तीन बेडरूम, दोन बाथरूम. आगगाडीच्या डब्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, पण नवा असताना आतून कुठल्याही अपार्टमेंटइतकाच चकाचक दिसतो.

जमीन मात्र आधीची. २०१८ मध्ये ऑस्टिनच्या पूर्वेला एल्गिनच्या पुढे दोन एकर घेतली होती, ५८,००० डॉलरला. का घेतली? माझ्याकडे तेव्हा एक मोठं आर्थिक कारण होतं, आता ते नीट आठवत नाही. बायकोच्या मते खरं कारण एकच, सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय आपल्या लोकांना झोप येत नाही. २०२१ च्या शेवटी सॅमसंगनं जवळच्या टेलर गावात सतरा अब्ज डॉलरचा चिप कारखाना जाहीर केला आणि आसपासच्या सगळ्या जमिनी एका रात्रीत हुशार झाल्या. आमचीही झाली. पण जमीन कागदावर कितीही हुशार झाली तरी दरवर्षी टॅक्स मागते आणि उन्हाळ्यात दोनदा गवत कापून मागते. हातात काही देत नाही. तिथून हे ट्रेलर प्रकरण डोक्यात आलं.

आता कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो, घरं बघायला जाऊच नका. आधी कागद बघा. टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर काउंटीला झोनिंगचा अधिकार जवळपास नसतोच, त्यामुळे लोकांना वाटतं की इथं काहीही ठेवलं तरी चालतं. पण जमिनीच्या जुन्या खरेदीखतात कुणीतरी पूर्वी अटी घालून ठेवलेल्या असतात, आणि "मोबाइल होम चालणार नाही" ही त्यातली सगळ्यात आवडती अट. टायटल कंपनी जो कमिटमेंटचा गठ्ठा पाठवते त्यातलं शेड्यूल बी वाचायचं. आपण सॉफ्टवेअरवाले, लायसन्स अ‍ॅग्रीमेंट न वाचता "आय अ‍ॅग्री" दाबणारी जमात. इथं ती सवय महागात पडते. त्यानंतर फेमाचा पुराचा नकाशा बघायचा. आणि जमीन जर आधी शेतीच्या सवलतीत असेल, तर तिचा वापर बदलल्यावर मागच्या वर्षांचा फरक भरावा लागतो. २०१९ पर्यंत तो पाच वर्षांचा असायचा, त्या वर्षी कायदा बदलून तीन वर्षांवर आणला. विकणारा हे आपणहून सांगतोच असं नाही.

आता पैसे. मी अगदी माझ्या एक्सेल शीटमधले आकडे देतो, २०२२ च्या शरद ऋतूतले. घर, त्याची वाहतूक, बसवणं आणि एसी धरून ७२,०००. सेप्टिक १४,५००. पाण्याचं मीटर ७,५००. विजेचा खांब आणि जोडणी ४,५००. हायवेपासून आतपर्यंत खडीचा रस्ता आणि नाल्यावरचा पाइप ७,०००. घराखालची जागा उचलून सारखी करणं ३,५००. पायऱ्या, छोटा डेक आणि घराखालची मोकळी जागा झाकणारं स्कर्टिंग ५,०००. बेरीज १,१४,०००.

यातले बहात्तर हजार सोडले तर उरतात बेचाळीस हजार. यूट्यूबवरचा माणूस हे बेचाळीस हजार कधीच सांगत नाही. तो घराची किंमत आणि जमिनीची किंमत सांगतो आणि थेट भाड्यावर उडी मारतो. घर तर सोपं आहे हो. दुकानात जायचं, कार निवडतो तसं निवडायचं, सेल्समन कोक देतो. खरं काम जमिनीच्या पोटात आहे.

सेप्टिकचंच घ्या. गावाबाहेर ड्रेनेज नसतं, प्रत्येकानं आपलं आपण निस्तरायचं. आमची माती पाणी पीत नाही, म्हणून साधा शोषखड्डा चालला नाही, एरोबिक पद्धतीची टाकी बसवावी लागली. टाकीत पंप हवा फुंकतो, जिवाणू आपलं काम करतात, मग आपल्या विहिरीत टीसीएल टाकतात तशी क्लोरिनची मात्रा, आणि शेवटी ते पाणी कारंज्यानं गवतावर उडतं. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा माझा मुलगा त्यात नाचायला धावला होता. कशी किंचाळलो होतो ते विचारू नका :-) या टाकीला कायम देखभालीचा करार लागतो. पाणी देणारी आणि वीज देणारी दोन्ही सहकारी संस्था, म्हणजे मी आता टेक्सासमध्ये दोन सोसायट्यांचा सभासद आहे. वार्षिक सभेचं निमंत्रण येतं. आजोबा साखर कारखान्याचे सभासद होते. वडिलांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साखर देतात का?"

पण हे बेचाळीस हजार वाया गेलेले नाहीत. घर दरवर्षी जुनं होतं आणि त्याची किंमत उतरते, पण मीटर, खांब, टाकी, रस्ता हे सगळं जमिनीला चिकटतं. उद्या ट्रेलर जळून गेला तरी ती दोन एकर आता "सगळ्या सोयींची जागा" झालेली आहे. म्हणजे तुम्ही एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी विकत घेता. एक मारुतीसारखी, शोरूममधून बाहेर पडली की उतरणारी. दुसरी जमिनीसारखी, कारण ती जमीनच आहे. दोन्ही एकावर एक ठेवलेल्या असतात, म्हणून आपल्याला एकच वाटतात.

सरकारलाही त्या दोनच वाटतात बरं का. नवं मोबाइल होम कायद्यानं सुरुवातीला जंगम मालमत्ता असतं, गाडीसारखं. टेक्सासमध्ये त्याचा मालकीचा वेगळा दाखला राज्याच्या खात्याकडून येतो. जमीन तुमची असेल तर अर्ज करून ते स्थावर करून घेता येतं, मग ते जमिनीशी कागदोपत्री बांधलं जातं. मी करून घेतलं. न करणारेही खूप असतात, आणि नुसत्या घरावर कर्ज काढणाऱ्यांना बहुतेक वेळा जंगम मालमत्तेचंच कर्ज मिळतं. व्याज जास्त, मुदत कमी, आणि हप्ते चुकले तर गाडीसारखं उचलून नेण्याची सोय. गुंतवणूकदारांना तर तेही सहज मिळत नाही. फॅनी मे या घरांवर गुंतवणुकीसाठी दिलेलं कर्ज विकतच घेत नाही, त्यामुळे बँका तोंड फिरवतात. आम्ही आरएसयू विकून रोख दिले. त्यानंतर शेअर कितीला गेला ते मी बघत नाही. बायको बघते.

आता मातीबद्दल जरा सविस्तर, कारण इथं मला घरची आठवण येते. एल्गिनच्या आजूबाजूचा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा. इथली माती काळी, चिकट, पाऊस पडला की बुटाला दोन-दोन किलो लागणारी. स्थानिक लोक तिला ब्लॅक गंबो म्हणतात. मृदाशास्त्राच्या हिशेबात ती व्हर्टिसॉल या वर्गात बसते, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कापसाच्या मातीची चुलत बहीण. सोलापूर, परभणीकडच्या माणसाला मी काय सांगायला नको. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार, आणि त्या भेगेत हात कोपरापर्यंत जाणार.

अशा मातीवर ट्रेलर कसा उभा असतो? पोलादी तुळयांखाली ठरावीक अंतरावर काँक्रीटच्या ठोकळ्यांचे खांब रचतात, फटीत लाकडी पाचरी मारतात, आणि घर वाऱ्यानं उडू नये म्हणून स्क्रूसारखे लांब पोलादी खिळे जमिनीत पिळून पट्ट्यांनी ते आवळतात. बस्स. २०२३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनमध्ये सलग ४५ दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता. ऑगस्टमध्ये भाडेकरूंचा फोन आला, मागचं दार उघडत नाही. आठवड्यानं मुलांच्या बेडरूमचं दार बंद होईना. जमीन आटली होती आणि एका बाजूचे खांब इंचभर खाली गेले होते. दोन माणसं आली, घराखाली सरपटत गेली, पाण्याची नळी वापरून पाणसळ लावली, जॅकनं उचलून पाचरी बदलल्या. चार तासांत दारं परत मऊ. साडेसातशे डॉलर. आता हे मी देखभालीच्या रकान्यात दोन वर्षांतून एकदा धरूनच चालतो. पक्कं काँक्रीटचं घर असतं तर भिंतीला तडा गेला असता. ट्रेलरचं हे एक बरं, तो तक्रार लगेच करतो आणि स्वस्तात समजूत काढून घेतो.

वारा ही मात्र हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. २१ मार्च २०२२ ला एल्गिनजवळून टॉर्नेडो गेला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, एक लाल पिकअप ट्रक आडवा होतो, गोल फिरतो, परत चाकांवर येतो आणि निघून जातो. तोच हा रस्ता. आमचं घर तेव्हा अजून यायचं होतं. १९९२ च्या अँड्रू वादळात फ्लॉरिडातल्या मोबाइल होम्सच्या वस्त्या सपाट झाल्यावर १९९४ मध्ये सरकारनं या घरांसाठी वाऱ्याचे तीन विभाग केले. आमच्याकडचं घर पहिल्या विभागाचं, म्हणजे सगळ्यात कमी वाऱ्यासाठी बांधलेलं. किनाऱ्यालगत ते चालत नाही. आणि टॉर्नेडोपुढे तर कुठल्याच विभागाचं चालत नाही. सरकारी हवामान खातं दरवेळी एकच सांगतं, मोबाइल होममध्ये असाल तर बाहेर पडा आणि पक्क्या इमारतीत जा.

पहिल्याच वसंतात आमच्या भाडेकरूबाईंनी मला अगदी साधा प्रश्न विचारला, "पक्की इमारत इथून कुठली जवळची?" मी फोनवर नकाशा उघडून बघत राहिलो. सात मैलांवर एक चर्च. रात्री दोन वाजता, दोन मुलांना घेऊन, सात मैल. महिन्याभरात मागच्या बाजूला काँक्रीटच्या स्लॅबवर बोल्ट केलेला एक पोलादी खोका बसवून घेतला, सहा माणसं उभी राहतील एवढा. सहा हजार डॉलर. कुठल्याही कायद्यानं तो सक्तीचा नव्हता, भाडंही त्यानं वाढत नाही. वरच्या एक लाख चौदामध्ये ते मिळवा, झाले एक लाख वीस.

आता एक्सेलवाल्या मंडळींनी पुढे सरकून बसा.

भाडं महिना १,५५०, वर्षाचं १८,६००. प्रॉपर्टी टॅक्स २,९००, विमा १,९००, सेप्टिकचा करार ३५०, दुरुस्ती सरासरी १,८००, आणि दोन वर्षांत एक महिना घर रिकामं राहील असं धरून ७७५. खर्च ७,७२५. हातात १०,८७५. घर आणि सोयींवर घातलेल्या १,२०,००० वर हे नऊ टक्के होतात. इथंच यूट्यूबवाला व्हिडिओ थांबवतो.

आपण थांबायचं नाही. घर उतरतंय. बहात्तर हजारांचं घर बारा वर्षांत निम्म्यावर येईल असा माझा अंदाज, म्हणजे वर्षाला तीन हजार. ते वजा केले की ७,८७५. आणि जमिनीचे ५८,००० सुद्धा यात अडकलेलेच आहेत, ते धरले की एकूण १,७८,००० वर साडेचार टक्केही पडत नाहीत. २०२३ मध्ये बँका सीडीवर पाच टक्के देत होत्या, आणि सीडीचं दार उन्हाळ्यात अडकत नाही.

"पण जमिनीचा भाव वाढला ना?" हो, वाढला. पण तो ट्रेलर नसता तरी वाढलाच असता. तो फायदा ट्रेलरच्या खात्यावर जमा करायचा नाही, ही माझी या सगळ्या प्रकारातली एकमेव कडक सूचना. जमीन आधीपासून हातात असेल, टॅक्स तसाही भरतच असाल, आणि पाणी-वीज रस्त्यापर्यंत आलेली असेल तर ट्रेलर ठीक आहे, बरा आहे. ट्रेलर ठेवण्यासाठी म्हणून जमीन घ्यायला निघाला असाल तर परत एकदा बेरीज करा. (मुळशीत असं काही जमेल का, असं ज्यांनी विचारलं त्यांना, आधी शेतकरी असल्याचा दाखला काढा, मग बोलू.)

या धंद्यात बक्कळ पैसा कमावणारे आहेतच. त्यांची युक्ती वेगळी असते. ती मला कुठल्या व्हिडिओनं नाही, आमच्या भाडेकरूंनीच दाखवली, आणि तीही नकळत.

नवरा काँक्रीटची कामं करतो, बायको एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. अडीच वर्षांत भाडं एकदाही उशिरा आलेलं नाही. अंगणात त्यांनी पेकनची दोन झाडं लावलीत, मागे कोंबड्या आहेत. गेल्या महिन्यात नवऱ्यानं मला डेकवर बसवलं, थंड सरबत दिलं आणि म्हणाला, "हे घर आम्हाला विकाल का? पंचेचाळीस हजार देऊ. जागा तुमचीच राहू दे, जागेचं महिना पाचशे भाडं देत जाऊ."

गाडीत बसल्या बसल्या मी फोनवर हिशेब केला. माझ्या बाजूनं हा सौदा निव्वळ लोणी होता. उतरणारी वस्तू त्यांच्या गळ्यात, चढणारी माझ्याकडे. घराचा विमा त्यांचा, घराचा टॅक्स त्यांचा, दारं अडकली तर जॅकवाल्याचे साडेसातशे त्यांचे. मला पाचशे डॉलर, ज्यासाठी काहीही करायचं नाही. आणि उद्या मी पाचशेचे सातशे केले तर? ते जाणार कुठं? सिंगल-वाइड उचलून दुसरीकडे न्यायला हजारो डॉलर लागतात. दुसरी सोयींची जागा शोधायची ती वेगळीच. नावाला मोबाइल! मोठ्या ट्रेलर पार्कांच्या मागे गुंतवणूक कंपन्या का लागल्या आहेत, ते त्या पार्किंगमध्ये मला नीट समजलं. पार्कात राहणाऱ्यांना टेक्सासमध्ये निदान एक वेगळा कायदा आहे, पण तो चार किंवा अधिक जागा भाड्यानं देणाऱ्याला लागू होतो. माझी एकच जागा. म्हणजे मला तोही नाही.

रविवारी आईला फोन केला तेव्हा हे सहज बोलता बोलता सांगितलं. आईचं माहेर गोव्यातलं, पेडण्याचं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे घर त्यांचं आणि जमीन तुझी. भाटकार झालास की रे तू!"

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी. गोव्यात भाट म्हणजे नारळी-पोफळीची बागायत, तिचा मालक भाटकार, आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर मुंडकाराचं, घराखालची माती भाटकाराची. आईचे आजोबा मुंडकार होते. छपरावरची झावळं काढून कौलं घालायची तरी भाटकाराला विचारावं लागायचं, आणि त्याच्या घरी कार्य असलं की न बोलावता राबायला जायचं, असं ती सांगते. भांडण झालं तर घर कुठं उचलून नेणार? १९७५ मध्ये गोव्यात मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यांना हुसकावता येईना, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. आईच्या वडिलांनी पुढे ती घेतली. तो कागद आजही मामाच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, मी लहानपणी पाहिलाय. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. एवढ्याशा जागेचा कागद तो काय जपायचा!

"वाईट माणूस नव्हता हो तो भाटकार," आई म्हणाली. "आम्हाला पोरांना आंबे द्यायचा."

तिनं मला काहीही कर किंवा करू नको म्हटलं नाही. मग भाच्याच्या मुंजीवर विषय गेला.

मी आणि बायकोनं दोन संध्याकाळी बसून वेगळा हिशेब मांडला. नुसतं घर विकायचं नाही. विकायचं तर घर, दोन एकर, मीटर, टाकी, तो पोलादी खोका, सगळं एकत्र, २,१५,००० ला. ओळखीची दलाल म्हणाली, बाजारात टाकलं तर थोडे अधिक येतील. येऊ देत. त्यांच्याकडे पंचवीस हजार रोख तयार आहेत, उरलेल्या एक लाख नव्वदचं कर्ज आम्हीच द्यायचं, पंधरा वर्षांचं. पण खरेदीखत पहिल्या दिवशी त्यांच्या नावावर, आणि आमच्याकडे फक्त गहाणखत. वकिलानं हे दोनदा बजावलं. टेक्सासमध्ये "कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड" नावाचा प्रकार आहे, त्यात शेवटचा हप्ता भरेपर्यंत कागद विकणाऱ्याच्याच नावावर राहतो. सीमेवरच्या गरीब वस्त्यांत कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षांची रक्कम त्यात बुडाली, म्हणून पुढे सरकारला त्यावर कडक नियम आणावे लागले. त्या वाटेला जायचं नाही.

एक गंमत कळली. ते स्वतः मालक होऊन राहायला लागले की त्यांना होमस्टेडची सूट मिळते आणि टॅक्स बराच उतरतो. भाड्यानं दिलेल्या घराला ती मिळत नाही, म्हणजे इतके दिवस तो जादा टॅक्स त्यांच्या भाड्यातूनच जात होता.

आम्ही जमिनीची पुढची वाढ सोडतोय, हे मला माहीत आहे. सॅमसंगच्या रस्त्यावरची दोन एकर. मित्र ऐकतात आणि कपाळाला हात लावतात. एकानं तर पाचशे डॉलरचं भाडं वीस वर्षं वाढवत नेलं तर किती होतं त्याचा तक्ता करून पाठवला, रंगीत. तक्ता बरोबर होता. मी तपासला.

भाडेकरूंना सांगितलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिली. नवऱ्यानं विचारलं, "झाडांसकट?" म्हटलं, झाडं तुमचीच आहेत. मग त्यांनी विचार करायला पंधरा दिवस मागितले. रास्त आहे, पंधरा वर्षांचा प्रश्न आहे. टॅक्स आणि विमाही आता त्यांच्या अंगावर येणार.

परवा वकिलाकडून मसुदा आला. व्याजाची जागा त्यानं कोरी सोडली आहे. बायको साडेपाच टक्के म्हणते, कारण मग हप्ता १,५५२ येतो, म्हणजे आजच्या भाड्याएवढाच. मी सात म्हणतोय, म्हणजे १,७०८. तिचं म्हणणं, जादाच्या दीडशेसाठी त्यांची दर महिन्याला ओढाताण करायची का. माझं म्हणणं, आपण बँक नाही आणि धर्मशाळाही नाही. सध्या घरात हाच विषय चालू आहे. काल रात्री सहापर्यंत खाली आलोय.